गळाच्या दोऱ्याच्या चार तारा

मित्रांनो, १९८५ साल उजाडले आणि जानेवारीतच, आठवडा उलटायच्या आत, दोन चक्रीवादळे आमच्या बेटावरून गेली. पहिल्याने छपरे नेली, दुसऱ्याने उरलेल्या भिंती. फिजीच्या पश्चिम किनाऱ्यावरची जुनी माणसे आजही वय सांगताना त्या वादळांचा आधार घेतात. हा वादळाआधीचा, ती वादळानंतरची. मी त्याच्या कितीतरी आधीची. मी एक जुनी युकुलेले आहे. मला गिटारची धाकटी बहीण म्हणा. मूल कडेवर घ्यावे तशी मला धरतात, आणि माझ्या अंगावर फक्त चार तारा असतात.

मला एलिकी नावाच्या माणसाने घडवले. तो होड्या बांधायचा. एका होडीसाठी आणलेल्या, डाकुआ नावाच्या झाडाच्या फळीचा तुकडा उरला, तो वाया जाऊ नये म्हणून त्याने माझे पोट केले, मान केली आणि शार्कच्या कातड्याने घासून मला गुळगुळीत केले. दुकानातल्या तारा खाऱ्या हवेत टिकत नाहीत असे त्याचे ठाम मत होते. म्हणून त्याने मला मासे पकडायच्या गळाचा दोरा बांधला, लहान माशाचा बारीक आणि मोठ्या माशाचा जाड. मग आपल्या मुलीच्या, मकेलेसीच्या, हातात मला देत तो म्हणाला, "घे. वाजवता वाजवता मासा लागला तर ओढून घे."

मकेलेसी मोठी होऊन बालवाडीत शिकवू लागली. बंदराच्या गावात, साखर कारखान्याच्या मागे, तिची एका खोलीची शाळा होती. तिथे मी तिच्याबरोबर कितीतरी वर्षे काढली. मुले चिकट बोटांनी माझ्या तारा ओढत. ऊस खाल्लेल्या बोटांचा तो चिकटपणा मला अजून आठवतो. मुले तिला 'नेई' म्हणत. आमच्याकडे आत्या, मावशी, काकू सगळ्या 'नेई'च.

वादळाने त्या शाळेचे छप्पर उडवून समुद्रात टाकले. मकेलेसीने मला चटईत गुंडाळले होते आणि रात्रभर ती माझ्यावर पालथी पडून होती, म्हणून मी वाचले. शाळा बंद पडली. तशात तिला कळले, की तिच्या वर्गातून नुकताच मोठ्या शाळेत गेलेला सुरुज भिंतीखाली सापडला आणि त्याची मांडी मोडली आहे. त्याला बघायला म्हणून ती मला काखेत मारून इस्पितळात गेली. गेली ती एका दिवसासाठी, पण मग तिथलीच झाली.

मुलांच्या वॉर्डाचे अर्धे छप्पर वादळात गेले होते. त्या बाजूला ताडपत्री फडफडत असे. खाटा एकमेकींना चिकटल्या होत्या. कुणाचे डोके फुटले होते, कुणाचा हात पत्र्याने कापला होता, कुणी भाजले होते. सुरुजचा पाय दोरीला वजन बांधून वर टांगलेला होता. मकेलेसीने त्याच्या उशाशी बसून मला छेडले मात्र, वॉर्डाच्या मुख्य परिचारिका फुलमती सिस्टर तिथे हजर झाल्या.

"बाई, हे इस्पितळ आहे, लग्नाचा मांडव नाही."

"माहीत आहे सिस्टर. मांडवात मला जेवायला तरी घालतात."

"वाजवू द्या ना, सिस्टर," सुरुज खाटेवरून म्हणाला. "पाय टांगलाय तेवढा पुरे की. आता कानही टांगणार का माझे?"

सिस्टरच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. "ड्रेसिंगची गाडी येईपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग बंद."

ड्रेसिंगची गाडी! मित्रांनो, त्या गाडीच्या एका चाकाला तेल नव्हते. ते चाक दाराशी किंचाळले की वॉर्डातली सगळी मुले रडू लागत. अजून तर कुणाला हातही लागलेला नसे. त्या दिवशी मकेलेसीने वाजवणे थांबवले नाही. त्या चाकाचा सूर धरून तिने गाणे सुरू केले. चाक 'कीं' म्हणाले की मुलांनी 'कूं' म्हणायचे. गाडी पहिल्या खाटेपर्यंत पोचेतो निम्मा वॉर्ड कूं कूं करत होता. पट्टी काढताना सुरुजच्या शेजारची मुलगी रडली, पण मधेमधे तिने कूंही केले. फुलमती सिस्टरने तिची पट्टी बांधली, हात धुतले आणि मकेलेसीकडे न बघता म्हणाल्या, "उद्या जरा लवकर या. भाजलेली मुलं मी सकाळीच घेते."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. मकेलेसीने दुधाच्या रिकाम्या डब्यांची लगोरी रचली आणि मोज्यांचा चेंडू केला. पण सगळ्यांत आवडता झाला तो तिचा खेकडा. भाजलेल्या मुलांना हात वर उचलायचे व्यायाम असत, आणि ते करायला कुणीच तयार नसे. मकेलेसी म्हणायची, "व्यायाम कोण करतंय? आपला खेकडा भिंतीवर चढतोय." मग मी वाजू लागे, हळू, टप टप टप, आणि मुलांची बोटे भिंतीवरून एकेक पाऊल वर सरकत. खेकडा जिथे थकेल तिथे थांबायचा. तिथे सिस्टर खडूने रेघ मारत. दुसऱ्या दिवशी खेकड्याला आपली रेघ ओलांडावीशी वाटे.

एक खेकडा मात्र भिंतीला शिवायलाही तयार नव्हता.

तिचे नाव वसीती. डोंगरातल्या नाकोरोसे गावची, नऊ वर्षांची. वादळात घर खचले तेव्हा पेटता स्टोव्ह तिच्या अंगावर आला होता. उजव्या खांद्यापासून कोपराच्या खालपर्यंत ती भाजली होती. तिचे आईवडील आणि धाकटी भावंडे गावच्या चर्चमध्ये आसऱ्याला होती. तिच्याजवळ तिची आजी राहिली होती. आम्ही तिला बुबू म्हणत असू. ती खाटेजवळ जमिनीवर चटई टाकून दिवसभर केवड्याची पाती विणत बसायची. वसीती उजवा हात छातीशी घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. ती रडत नसे आणि बोलतही नसे. खाणेही चार घास.

डॉक्टर एकदा तिच्या खाटेपाशी थांबून फुलमती सिस्टरला जे बोलले ते मी ऐकले. "कातडी जुळतेय, पण जुळताना आखडतेय. हा हात आता वर गेला नाही, तर असाच छातीला चिकटून राहील. मग पुन्हा कापावं लागेल, आणि तरी खात्री नाही."

आणि सगळे तिच्याशी कसे वागत, सांगू? आमच्याकडे आजाऱ्याजवळ मोठ्याने बोलत नाहीत. तिच्या खाटेपाशी आले की प्रत्येक जण वाकून, दबक्या आवाजात बोले. भेटायला येणारी माणसे नुसती बसून सुस्कारे टाकत. मकेलेसीसुद्धा तिच्याजवळ आली की मला अगदी हलके वाजवी. वसीती भिंतीकडेच बघत राही. संध्याकाळी घरी जाताना मकेलेसी मला तिच्या खाटेवर, पायाशी ठेवून जाई. "राहू दे तिच्यापाशी," ती बुबूला म्हणे. वसीतीने मला हात लावला नाही. पण तिने मला दूरही ढकलले नाही, आणि एवढ्यावर मकेलेसी आशा धरून होती.

मग छप्पर दुरुस्त करायला ओरीसी मिस्त्री आला.

ओरीसी समुद्रकाठच्या वाईकुरा गावचा. साठी ओलांडलेला, आवाजाने गडगडाट, आणि डोक्यावर पात्यांनी विणलेली टोपी. ती टोपी तो कधी काढत नसे. सुरुज म्हणायचा, खाली टक्कल आहे म्हणून. ताडपत्री काढून त्याने पत्रे ठोकायला घेतले. दुपारी व्हरांड्यात जेवताना त्याने बुबूला सहज विचारले, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

"नाकोरोसे."

ओरीसीच्या हातातला कसाव्याचा कंद हातातच राहिला. "नाकोरोसे?" तो उठला आणि सरळ वसीतीच्या खाटेशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तरीच! तरीच मी म्हणतोय, या कोपऱ्यात एवढी शांतता कशी? नाकोरोसेच्या लोकांना बोलता कुठे येतं? नुसतं खाता येतं!"

फुलमती सिस्टर हातातला ट्रे आपटून धावत आल्या. "ओ मिस्त्री! लाज नाही वाटत? पोर भाजलेली आहे!"

"तुम्ही मधे पडू नका, सिस्टर. हे आमचं जुनं आहे." आणि तो वसीतीकडे वळून आणखी मोठ्याने म्हणाला, "आमच्या आजोबांनी तुमच्या गावाला बोलायला शिकवावं म्हणून एक पोपट पाठवला होता. तुम्ही तो उकडून खाल्लात!"

सिस्टर त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढणार, तेवढ्यात खाली बसलेली बुबू हाताने तोंड झाकून हसायला लागली. वादळानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. "राहू द्या, सिस्टर," ती म्हणाली. "तो आमचा तौवू आहे."

मित्रांनो, आमच्याकडे काही गावांचा मूळ देव एक असतो. अशी गावे एकमेकांची तौवू. तौवूला काहीही बोलावे, त्याची टिंगल करावी, त्याच्या घरातली वस्तू न विचारता उचलून न्यावी. त्याने रागवायचे नसते. पण ऐकूनही घ्यायचे नसते. उलट दोन बोल सुनवायचे, आणि त्याची एखादी वस्तू आपण उचलायची. जो गप्प बसला, त्याचे गाव हरले. फुलमती सिस्टर याच बेटावर जन्मल्या होत्या, त्यांना हे सारे ठाऊक होते. ओरीसी आणि वसीती त्या नात्याचे आहेत एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी त्याचा दंड सोडला, पण नजर सोडली नाही.

"आणि हे काय?" ओरीसीची नजर माझ्यावर पडली. "नाकोरोसेच्या खाटेवर युकुलेले? वाजवता येते का कुणाला? मग आमच्याकडेच बरी." त्याने मला उचलले आणि व्हरांड्याच्या दाराशेजारी भिंतीतल्या एका खिळ्याला अडकवले.

"मिस्त्री, ती नेईची आहे," सुरुज ओरडला.

मकेलेसी दारात उभी राहून सगळे बघत होती. ती म्हणाली, "माझी नाही आता. कालच वसीतीला दिली. त्यांचं त्यांनी बघून घ्यावं." हे धादांत खोटे होते, आणि मला ते फार आवडले.

वसीतीने मान वळवली. भिंतीकडची तिची मान इकडे वळलेली मी प्रथमच पाहिली. तिने ओरीसीला खालून वरपर्यंत न्याहाळले. आवाज इतक्या दिवसांत न वापरल्यामुळे घोगरा निघाला.

"त्या टोपीखाली डोकं आहे, की नुसता नारळ?"

सुरुजने ताट बडवून बडवून वॉर्ड दणाणून सोडला. ओरीसीने छातीवर हात ठेवून बाण लागल्यासारखे केले. मकेलेसी मात्र व्हरांड्यात गेली आणि हाताने डोळे पुसत उभी राहिली.

"युकुलेले हवी तर ये आणि घे," ओरीसी म्हणाला. "पण उजव्या हाताने. डाव्या हाताने चोर घेतात."

खिळा तिच्या छातीच्या उंचीवर होता. वसीती खाटेवरून उतरली, बुबूने तिला आधार दिला. तिने हात छातीपासून सोडवला, इंचभर, मग आणखी थोडा. चेहरा वेडावाकडा झाला. बोटे माझ्या मानेला लागली. मला त्यांची ऊब कळली. तिने मला खिळ्यावरून काढले, डाव्या काखेत मारले आणि परत खाटेवर गेली.

त्यानंतर रोज हेच. सकाळी वसीती जागी होई तेव्हा मी नाहीशी झालेली असे. ओरीसी कामावर येताच मला पळवून टांगून ठेवी, आणि खिळा रोज जरासा वर सरकलेला असे. वर चढून तो पत्रे ठोकी आणि तिथून खाली टोमणे मारी. "ए नाकोरोसे, उठलीस का? आमच्याकडे एव्हाना कोंबड्यासुद्धा नाश्ता करतात!" खालून वसीती उत्तर देई, "तुमच्या कोंबड्या तुझ्यापेक्षा शहाण्या, त्या पत्र्यावर चढत नाहीत!" सुरुज टाचेने खाट वाजवून निवाडा देई. आज वाईकुरा, आज नाकोरोसे. मला परत मिळवली की वसीती डाव्या हाताने माझी मान धरी आणि उजव्याने तारा छेडी. मकेलेसी तिला सूर शिकवे. तारा छेडायच्या तर कोपर हलवावे लागते ना!

फुलमती सिस्टर दोन दिवस कुरकुरल्या. "भिंतीची चाळण केली मिस्त्रीने." तिसऱ्या दिवशी मी पाहिले, त्याच ओरीसीला खिळ्याची जागा दाखवत होत्या. "इथे. याच्या वर नाही. काल रात्रभर कण्हत होती. कातडीला एक दिवस विसावा द्या." त्या जखमेला बोट न लावता, नुसत्या नजरेने सांगत, की आज किती ताण सोसेल. आणि ओरीसी ऐकत असे.

एकच दिवस त्याने ऐकले नाही. खरे तर वसीतीनेच त्याला चिडवले. "रोज एवढासाच खिळा वर? वाईकुराचे लोक घाबरट!" सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या. ओरीसीला राहवले नाही. त्याने खिळा ठोकला तो तिच्या डोक्याच्याही वर, चांगला वर. वसीतीने हात उंचावला. पोचेना. तिने टाचा उचलल्या आणि झेप घेतली.

कातडी उसवल्याचा आवाज होत नाही मित्रांनो. किंकाळीचा होतो. मी खाली पडले आणि माझ्या पोटाला चीर गेली, एक तारही तुटली. पट्टीतून लाल डाग पसरत होता. सिस्टर धावत आल्या. त्यांनी ओरीसीकडे असे पाहिले, की तो एवढा आडदांड माणूस शिडी तशीच सोडून निघून गेला. इतक्या घाईने की चौकटीला घासून त्याची टोपी खिडकीत पडली ती तिथेच राहिली.

"बंद," सिस्टर म्हणाल्या. "हा खेळ आता बंद."

मला कपाटावर ठेवण्यात आले. तिथून मला सगळा वॉर्ड दिसे, पण कुणाचा हात माझ्यापर्यंत येत नसे. वसीतीचा उजवा हात पुन्हा छातीशी गेला. ती पुन्हा भिंतीकडे वळली. ओरीसी आलाच नाही. उरलेले काम त्याने आपल्या पुतण्याकडून करून घेतले. सुरुजने विचारले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका म्हणतात, तौवूलाही हद्द असते."

व्हरांड्यात मकेलेसी आणि फुलमती सिस्टर उभ्या होत्या. मकेलेसी रडत होती. "मी खेळ खेळ म्हणत बसले, सिस्टर. पोरीच्या अंगाचा खेळ केला मी."

सिस्टर म्हणाल्या, "जखम उसवली ती भरेल. तशी वरवरची आहे. टाकाही पडला नाही. पण तो हात पुन्हा छातीशी चिकटला, तर ते मला भरता येणार नाही. मी रागाच्या भरात बंद म्हटलं. आता सुरू कसं करायचं ते मलाही कळत नाही. मी सांगून का ती कुणाशी भांडणार आहे?"

मित्रांनो, त्या दोघींना मी मनातल्या मनात नमस्कार केला. एकीला गाता येत होते, दुसरीला जखमा भरता येत होत्या, आणि दोघीही कबूल करत होत्या की यापुढचे आपल्या हातात नाही.

जखम पुन्हा सुकली. एका दुपारी, जेवणे आटोपल्यावर, वॉर्ड पेंगत होता. बुबू चटईवर आडवी झाली होती. नव्या पत्र्यावर ऊन तापत होते. वसीती खाटेवरून उतरली. ती खिडकीशी गेली आणि डाव्या हाताने तिने ओरीसीची टोपी उचलली.

आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या डोक्याला लहानाने हात लावायचा नसतो, टोपीलाही नाही. पण ती तौवूची टोपी होती.

टोपी तिने उजव्या हाताच्या बोटांत अडकवली आणि भिंतीशी उभी राहिली. त्या भिंतीवर ओरीसीचे सगळे खिळे होते, खालपासून वरपर्यंत. सर्वांत वर तो, ज्याने तिचे रक्त काढले होते. तिने बोटे भिंतीला टेकवली. मग ती गुणगुणू लागली. टप, टप, टप. तो मकेलेसीच्या खेकड्याचा ठेका होता. मी कपाटावर मुकी पडले होते, माझी एक तार तुटलेली होती, आणि माझ्यावाचून माझेच गाणे चालले होते.

बोटे एकेक पाऊल वर गेली. टोपी खाली लोंबत डुलत होती. पहिला खिळा गेला, दुसरा गेला. मधेच खेकडा थांबला. वसीतीने कपाळ भिंतीला टेकले आणि श्वास घेतला. या वेळी तिने उडी मारली नाही. खांद्याशी कातडी ताणली गेली तिथे ती थांबे, गुणगुणे, आणि ताण सैल झाला की एक बोट पुढे टाकी. सुरुज जागा होता. त्याचे डोळे एवढे मोठे झाले होते, पण तो शहाणा पोरगा, त्याने हूं की चूं केले नाही. दारात फुलमती सिस्टर केव्हा येऊन उभ्या राहिल्या कुणास ठाऊक. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि तिथेच स्वतःला थोपवले.

शेवटच्या खिळ्याशी बोटे पोचेनात. फार थोडे अंतर होते. वसीतीने मनगट झटकले, टोपी वर उडाली, कड खिळ्यात अडकली, लोंबकळली आणि राहिली.

वसीतीने हात लगेच खाली घेतला नाही. तो वरच ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली, कुणाचा तरी हात बघावा तशी.

मग तिने हाक मारली. पुतण्या छपरावर होता. "ए वर! तुझ्या काकाला सांग, टोपी नाकोरोसेने नेली!"

ओरीसी संध्याकाळी आला. बोडक्या डोक्याने, खरोखरच टक्कल असलेल्या. सुरुज उशीत तोंड खुपसून हसला. बुबूने टोपी कुठे टांगली आहे ते पाहिले आणि गाल बडवून घेतले. "अगं बाई, मोठ्या माणसाची टोपी!"

ओरीसी भिंतीसमोर उभा राहिला. त्याची नजर खालच्या खिळ्यापासून वर चढत गेली.

"ही तिथे कुणी लावली? सिस्टरने?"

"मी," वसीती म्हणाली.

"शिडीवरून?"

"शिडी वाईकुराच्या लोकांना लागते."

ओरीसीने पाठ वळवून बाहीने तोंड पुसले. तौवूपुढे रडायचे म्हणजे गाव हरणार. तो खाकरला, म्हणाला, "हं. एकदा झालं असेल. चुकून. पुन्हा करून दाखव तर खरं."

"आज नाही," फुलमती सिस्टर मधे आल्या. "उद्या सकाळी, ड्रेसिंग झाल्यावर. आणि मिस्त्री, उद्या तुम्ही वेळेवर या. खिळा कुठे, ते मी सांगेन."

मकेलेसीने मला कपाटावरून काढले. ओरीसीने माझ्या पोटाची चीर चिकटवली आणि खिशातून गळाचा दोरा काढून नवी तार ओवली. वसीतीने ती तार लावलेली युकुलेले त्याच्या हातातून हिसकावून घेतली, उजव्या हाताने.

पुढे बरेच दिवस लागले. वसीती रोज रडली, रोज भांडली, रोज चढली. घरी गेली तेव्हा तिने आपल्या केसांची वेणी आपल्याच हाताने घातली होती. वाकडी होती. बुबूने ती गावापर्यंत सुटू दिली नाही.

आता त्या सगळ्यांचे काय झाले ते सांगते.

सुरुजचा पाय जुळला, किंचित लंगडतो. तो उसाची लॉरी चालवतो आणि मंगळवारी रामायण मंडळीत ढोलक वाजवतो, फार जोरात. फुलमती सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडे ब्रिस्बेनला गेल्या. जाण्याआधी त्यांनी त्या भिंतीला रंग देऊ दिला, पण खिळे काढू दिले नाहीत. बुबू आपल्या गावी, आपल्या चटईवर, शांतपणे गेली. मकेलेसीच्या शाळेला छप्पर आले, तरी दर गुरुवारी ती वॉर्डात येत राहिली, हात थरथरू लागेपर्यंत. तिला पाहून पुढे दोन तरुण मुली हेच काम शिकल्या, आणि आता त्यांना त्याचा पगार मिळतो. मकेलेसीला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "खेळायचा पगार? मग मी वेडीच होते." पण दिवसभर ती हसत होती. तिला जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. मधली काही वर्षे, वॉर्डात टीव्ही आल्यावर, मी अडगळीच्या खोलीत होते. वाळवीने माझी पाठ चाखली. त्या मुलींनीच मला शोधून काढले.

वसीतीचे कोपर आजही पुरते सरळ होत नाही. ती बाजारात डालो, म्हणजे अळूचे कंद, आणि कसावा विकते. पहाटे डालोच्या जुड्या स्वतः बसच्या टपावर चढवते, आणि कंडक्टर मदतीला आला तर त्याला दोन शब्द सुनावते.

ओरीसी म्हातारा होऊन वारला, तेव्हा मकेलेसी हयात होती. भजनाला म्हणून ती मला वाईकुराला घेऊन गेली. शवपेटी उचलून माणसे निघाली आणि वाटेत थांबली. नाकोरोसेचे लोक आले होते, आणि सगळ्यांच्या पुढे वसीती, दोन्ही हात आडवे पसरून वाट अडवून उभी होती. तौवूचा तो हक्क असतो.

"म्हाताऱ्या!" ती ओरडली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. "आम्हाला न विचारता कुठे निघालास? नाकोरोसेला घाबरून पळतोस होय?"

सगळे गाव हसले आणि सगळे गाव रडले. वाईकुराच्या लोकांनी रिवाजाप्रमाणे, मानाचे पेय करतात ती यांगोनाची मुळे पुढे ठेवून वाट मागितली. वसीतीने हात लवकर खाली केले नाहीत. उजवा, तो भाजलेला, जरा वाकडा, पण खांद्याच्या रेषेत पसरलेला हात तिने तसाच धरून ठेवला होता. बघायचे त्या सगळ्यांनी तो नीट पाहिल्यावरच तिने वाट सोडली.

मित्रांनो, माझी तार तुटली तर नवी लावा. गळाचा दोरा कुठेही मिळतो. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. आणि इस्पितळात पडलेल्या एखाद्या मुलाला भेटायला जाल, तेव्हा त्याच्या पायाशी उभे राहून कुजबुजू नका. त्याच्याशी बोला, गा, वाटल्यास भांडा. त्याच्याशी खेळा. आणि खेळाल तेव्हा मनापासून खेळा. मुद्दाम हरू नका.